सहा मीटरची तार

मोटारी गुंडाळायच्या दुकानात बंद पडलेली पंपाची मोटार आली की मिस्त्री आधी तिच्याशी बोलायचे. "काय बाई, कुणी छळलं तुला?" मग टेस्ट लॅम्पच्या वायरी गुंडाळीच्या दोन्ही टोकांना लावायचे. दिवा लागला नाही, तरी लगेच 'जळाली' म्हणायचे नाहीत. तार नुसती तुटलेलीही असू शकते. एकेक कॉइल तपासायची, हा बारा वर्षांचा नेम.

पण लग्नानंतर सात वर्षांनी लॅबने "शुक्राणू: शून्य" असा कागद हातात ठेवला, तेव्हा हा नेम ते साफ विसरले. कागद तारेच्या रिकाम्या रिळात खुपसला. दोन महिन्यांनी बायकोला म्हणाले, "तू अजून तरुण आहेस. दुसरा विचार कर."

ती शर्टाला बटण लावत होती. दोरा दाताने तोडून म्हणाली, "रिळातला कागद मी कधीच वाचलाय. तुम्ही बोलाल म्हणून थांबले. लोकांचे पंप दोनदा तपासता, आणि स्वतःला एका कागदावर भंगारात काढलंत? चला डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं. विचारलं, "खाली कधी सूज आली होती?"

"अठराव्या वर्षी. लाजेनं कुणाला सांगितलं नाही."

"शुक्राणू तयार होतायत. पण नवे असतात तेव्हा त्यांना पोहता येत नाही. वृषणाला चिकटून एक नळी असते, एपिडिडिमिस. तिच्यातून काही दिवस प्रवास करताना ते पोहायला शिकतात. नळी सहा मीटरची, पण गुंडाळून बोटाच्या दोन पेरांएवढी. तुमच्या दोन्ही नळ्या त्या सुजेने शेवटाशी बुजल्यात. बुजलेल्या जागेच्या अलीकडे पुढची नळी जोडता येईल. साधारण निम्म्यांना गुण येतो."

"सहा मीटर? एवढ्याशा जागेत?" मिस्त्रींचे डोळे मोठे झाले. "गुंडाळणाऱ्याचा हात काय असेल हो!"

घरी येऊन त्यांनी तार मोजली. एक टोक बायकोच्या हातात, दुसरं धरून ते खाटेपासून थेट दाराबाहेर गेले.

"एवढं चालून यायचं त्यांनी?" तिने आतून विचारलं.

"एवढं."

"मग तुमच्यावरच गेलेत. रेंगाळणारच."

ऑपरेशन झालं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा शून्य. या खेपेला कागद त्यांनी स्वतःच तिच्यापुढे ठेवला आणि तिथेच बसून राहिले. तिने त्यांचा हात हातात घेतला.

सहाव्या महिन्यात मिस्त्री लॅबमधून आले, ते दारातच थबकले.

"दिवा लागला?" तिने विचारलं.

"मिणमिणता. थोडेच आहेत. पण हलतायत."

"हलतायत ना," ती म्हणाली, आणि पदराने त्यांचेच डोळे पुसले.