सरकारी वकिलाची तक्रार करायची कुठं?

संगमेश्वर माझा धाकटा भाऊ हाय. पाटोद्यात त्याचं किराणा दुकान. आमच्या घराण्यात कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. ह्यो चढला, तेबी आरोपी म्हणून. पण छाती काढून चढला. भाऊ कुणाचा हाय!

झालं असं, गावातला धुळाजी पिऊन दुकानाम्होरंच मोटारसायकलवरून पडला. डोस्कं फुटलं. अन बेट्यानं केस ठोकली, संगमेश्वरनं तराजूचं वजन फेकून मारलं म्हणून. भाजीवाल्या छबुबाईनं समदं बघितलं व्हतं, पोलिसांना सांगितलंबी व्हतं. पण सरकारी वकिलानं तिला साक्षीला बोलावलंच न्हाई, अन तिचा जबाबबी कोर्टाम्होरं येऊ दिला न्हाई.

संगमेश्वरला कळून चुकलं, ही बाई बोलली न्हाई तर आपुन आत जातो. त्याच्या स्वतःच्या वकिलाला तर जजसाहेबांनी नुसतं खाकरलं तरी घाम फुटायचा. मग तारखेला ह्योच हात जोडून उठला.

"साहेब, सरकारी वकिलांनी छबुबाईचा जबाब दाबलाय."

सरकारी वकील गालात हसले. "माझी चौकशी करायचा ह्या कोर्टाला अधिकारच नाही. हायकोर्टात जा."

"म्हंजी लबाडी पाटोद्यात करायची, अन तक्रार संभाजीनगरात?"

मागच्या बाकावरचे फिदीफिदी हसले. जजसाहेब हसले न्हाईत.

"वकिलांना शिक्षा करणं माझ्या हातात नाही. पण माझ्या कोर्टात साक्ष कुणाची घ्यायची, ते मीच ठरवणार. उद्या त्या बाईला हजर करा."

सरकारी वकिलाचा चेहरा खुलला. उद्या आठवडी बाजार! छबुबाई बाजार सोडून सख्ख्या भाचीच्या लग्नालाबी गेली नव्हती.

सांजच्याला संगमेश्वर तिच्या दारात.

"मावशी, उद्या कोर्टात यावंच लागतंय."

"कावून रे? माझी मेथी काय तुझा जज विकणार हाय?"

"दादा बसंल की." दादा म्हंजी मी.

"त्यो? गप्पा हाणत बसंल, अन मेथी जाईल सुकून!"

"मावशी, मी आत गेलो तर दुकान बंद हुईल. लेकरं लहान हायती."

छबुबाईनं मेथीवर पाणी शिंपडलं. मग म्हणली, "पेंडी धा रुपयांच्या खाली देऊ नको म्हणावं त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्यात उभी राहिली. धुळाजी कसा पडला, समदं सांगितलं. सरकारी वकील खेकसले, "हे तुला कुणी शिकवून आणलं?"

"मला कोण शिकवतंय? तुमीच म्हणलता, कोर्टाकडं फिरकू नको, आपलं गिऱ्हाईक बघ."

जजसाहेबांनी ते हाय तसं लिहून घ्यायला लावलं, अन डोस्कं नेमकं कसं फुटलं ते विचारायला धुळाजीला परत पिंजऱ्यात बोलावलं.