वहिनीने धुतलेली चादर

माझ्या वहिनीला सगळी गल्ली 'डागवाली' म्हणते. लाँड्री नावाला दादाची, राबायची ती. शाई, गंज, तेल, काहीही आणा. कपडा उलटा करून नुसता हुंगते आणि डाग कशाचा ते सांगते. रक्ताला गार पाणी, तेही ताबडतोब, हा तिचा नियम. दादाने बारा वर्षं दारू ढोसली आणि हिने बारा वर्षं ती झाकली. कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "पित्ताचा त्रास आहे त्यांना." डोळ्याची पापणी लवायची नाही बाईची!

त्या दुपारी दादाला रक्ताची उलटी झाली. वहिनीने आधी चादर भिजवली, घासली, फरशी पुसली आणि मग मला फोन केला. मी पोचले तेव्हा चादर दोरीवर वाळत होती, पांढरीशुभ्र.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती रक्त पडलं?"

"असेल कपभर. चादरीवर पडलं, ती धुतली मी," वहिनी म्हणाली.

"दारू पितात?"

"छे हो! पित्त आहे."

पित्ताचं इंजेक्शन देऊन दादाला बाकावर बसवलं. तासाभराने तिथेच दुसरी उलटी झाली आणि रक्ताचं थारोळं बाकाखाली पसरलं. मग एकच धावपळ उडाली. दोन्ही हातांत सुया, रक्ताच्या पिशव्या, लिव्हरकडच्या शिरांमधला दाब उतरवायचं औषध. घशातून दुर्बीण घातली. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. त्यांना रबरी कड्या आवळून बसवल्या की रक्त थांबतं म्हणे. चार बसवल्या, रक्त थांबलंही. पण दादाचं ब्लडप्रेशर काही वर येईना.

"लिव्हर पार गेलंय," डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या. "पितात हे आधी सांगायला काय झालं होतं? लगेच दुर्बीण घातली असती. निदान ती चादर तरी आणायचीत!"

संध्याकाळी दादा गेला.

भेटायला येईल त्याला मी सांगत सुटले, हिने नवऱ्यापेक्षा चादर जपली. वहिनी खाली मान घालून ऐकायची. आठव्या दिवशी मात्र भरल्या घरात तिने मान वर केली.

"ताई, डॉक्टर विचारत होत्या तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच होतात ना?"

होते. ती "पित्त" म्हणाली तेव्हा मीच तिचा हात दाबला होता, बरं केलंस म्हणून.