चार महिने कमी

बाईंना सगळे बाईच म्हणत. शेजारी, दुकानदार, इतकंच काय, नवरासुद्धा. नोकरीची पंचवीस वर्षं पुरी व्हायला चार महिने उरले होते, तेव्हा त्यांनी निवृत्ती घेतली, तीही वार्षिक परीक्षेचे निकाल लावून. नव्या वर्गाला हाताशी धरायचं आणि निवृत्तीचं वय भरलं की मधेच सोडून जायचं, हे त्यांच्या जिवाला पटेना. "मुलं आधीच बावरलेली असतात, त्यात बाई बदलायच्या?" त्या म्हणाल्या आणि मुख्याध्यापकांनी मान डोलावली. तेव्हा निवृत्तांच्या औषधपाण्याचा नियम वीस वर्षांच्या नोकरीचा होता.

वर्षभरात तो पंचवीसचा झाला, आधी निवृत्त झालेल्यांनाही लागू. पंचवीस भरली तरच जोडीदाराचे उपचार सरकारकडून. नाहीतर कार्ड फक्त स्वतःपुरतं. बाईंना साधी सर्दी होत नसे. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा तो नवरा.

कचेरीत खिडकीपलीकडच्या कारकुनाने सेवापुस्तक चाळलं.

"चोवीस वर्षं आठ महिने! काय हो बाई, काठावर येऊन बुडालात की. थांबायचं ना थोडं."

"वर्ग मधेच सोडावा लागला असता."

"मग सोडायचा. मुलं काय, आठ दिवसांत विसरतात."

बाईंच्या हाताखालून इतकी मुलं गेली होती, की तो खरं बोलतोय हे त्यांना ठाऊक होतं.

फेरविचाराच्या अर्जावर कारणासाठी एकच ओळ होती. बाईंनी ती सुवाच्य अक्षरात भरली, काना-मात्रा तपासली. कारकुनाने वाचलं, शिक्का मारला.

"उत्तर येईल घरी. पण आशेवर राहू नका हं."

घरी नवरा खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. पावलं सुजलेली.

"काय म्हणाले?"

"नाही बसत नियमात."

"चोवीस वर्षं पोरांना नियम शिकवलेत, आणि स्वतःच नापास!" तो हसला. बाईंना हसू आलं नाही. रडूही आलं नाही. त्या चपला काढून नीट जोडीने ठेवत राहिल्या.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाई, तीनदाऐवजी दोनदा गेलो तर?"

एरवी असल्या बोलण्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

"विचारते उद्या डॉक्टरांना," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या पायाखाली उशी सरकवली.