वैऱ्याच्या घरची राणी

विठ्ठलराव आणि माणिकराव यांचं दूध संस्थेवरून पिढीभराचं वाकडं होतं. कडा या बाजारगावाजवळचं लहानसं गाव, पण पॅनल दोन, आणि एकाच्या मयतीला दुसरा जात नसे. शेवटी पाहुण्यांनी मध्ये पडून गावातल्या गावात सोयरीक जमवली. विठ्ठलरावांची सत्यशीला माणिकरावांच्या बंकटला दिली. मांडवात व्याही गळ्यात पडले. बंकट मात्र बायकोशी कामापुरतं बोलायचा. मारलं नाही, शिवी दिली नाही. तिच्यासमोर फोन आला की तो उठून अंगणात जायचा, एवढंच.

दुष्काळाच्या साली, गेवराईला दिलेल्या मैत्रिणीनं सत्यशीलाला एक जाडजूड कादंबरी पाठवली. तहासाठी वैऱ्याच्या घरात दिलेली राजकन्या, तिचं शहर जाळणारा काळ्या गढीचा राजपुत्र, विष, हेर, दरबारातली कारस्थानं. दुपारी टँकरचं पाणी भरून झालं की ती सासूला, मालनबाईंना, वाचून दाखवायची. राजपुत्र राजकन्येचा हळूहळू होत चालला होता.

"असं व्हतं का गं?" मालनबाईंनी एकदा विचारलं.

"पुस्तकात होतंय, आत्याबाई."

त्याच उन्हाळ्यात संस्थेची निवडणूक लागली. जनावरांची छावणी संस्थेकडंच येणार होती. ज्याच्या हातात संस्था, त्याच्या हातात चारा. तह मोडला. दोन्ही व्याही समोरासमोर उभे राहिले.

सत्यशीला माहेरी गेली तेव्हा विठ्ठलराव खुशीत होते. लेकीसमोर ते बोलून गेले, "सटवा आपल्याकडं आलाय. मतदानापस्तोर त्यांना कळायचं न्हाई."

सटवा म्हणजे माणिकरावांचा जुना माणूस, संस्थेचा मतदार. घरी येताना सत्यशीलाच्या डोक्यात कादंबरीतलं नुकतंच वाचलेलं होतं. राजकन्या बापाचा कट राजपुत्राला सांगते, आणि तो पहिल्यांदा तिचं नाव घेतो. तिनं दोन दिवस कळ काढली. मग बंकटला चहा देताना ती म्हणाली, "सटवाभाऊ माझ्या आबांकडं गेलेत. तुमी सावध राहा."

बंकटनं कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"आबांनीच."

तो लगेच गाडी काढून गेला. दुसऱ्या दिवसापासून सटवाच्या वस्तीवर जाणारा माणिकरावांचा टँकर बंद झाला. सटवानं बायका-पोरं, म्हशी तहानेल्या पाहिल्या आणि तो मुकाट्यानं माणिकरावांकडं परत आला. विठ्ठलराव एका मतानं पडले.

गुलालात माखलेला बंकट घरी आला. सत्यशीला आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. त्यानं ओवाळून घेतलं. आत आल्यावर ती हळूच म्हणाली, "आता तरी माझ्यावर भरवसा बसला का?"

"बापाची झाली न्हाईस," बंकट टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला, "माझी काय होशील?"

त्यात राग नव्हता. साधा हिशेब सांगावा तसं तो बोलला आणि मोबाईल घेऊन अंगणात गेला.

बातमी कुठून फुटली हे विठ्ठलरावांना कळायला वेळ लागला नाही. पंचमीला तिला न्यायला कुणी आलं नाही. ती स्वतःच गेली, तर आईनं उंबऱ्यावरच पाणी दिलं. "त्यांनी तुला आत घिऊ नको म्हणून सांगितलंय," आई म्हणाली आणि तांब्या रिकामा होईपर्यंत दुसरीकडं बघत राहिली.

छावणीतल्या जनावरांचं चांगलं चाललं होतं. त्यात सत्यशीलाच्या माहेरच्या दोन गाई मात्र नव्हत्या. त्या विठ्ठलरावांनी बाजारात नेऊन विकल्या.

एका दुपारी मालनबाई म्हणाल्या, "तुझं पुस्तक काहून थांबलंय? त्या पोरीचं काय झालं?"

सत्यशीलानं पुस्तक काढलं आणि उरलेली पानं वाचून दाखवली. लग्न, राज्याभिषेक, जळालेल्या शहरात पुन्हा लागलेले दिवे. एक शब्दही न गाळता, टँकरचे नंबर वाचावेत तशा आवाजात. मालनबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"लई भाग्याची," त्या म्हणाल्या.

सत्यशीलानं पुस्तक मिटलं. बंकटच्या जेवणाची वेळ झाली होती. ती भाकरी टाकायला उठली.