राखीव बाकावरची मावशी

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालणारी ही बाई सव्विसाव्या वर्षीच मावशी झाली. सख्ख्या बहिणीचं लग्नही ठरलं नव्हतं तेव्हा. झालं असं, की इस्पितळातल्या बायकांच्या बेसबॉल संघात तिचं नाव लागलं आणि पहिल्याच महिन्यात कप्तानाचा नवा ग्लोव्ह अडून बसला. चामडं पुठ्ठ्यासारखं ताठ. चेंडू आत शिरायचा आणि उसळून बाहेर पडायचा. हिने तो घरी नेला, तीन आठवड्यांनी परत आणला. कप्तानाने हात घातला, मूठ मिटून पाहिली.

"अगं, हा तर माझ्याच हाताचा झाला की! मावशीने करावं तसं केलंस बाई."

कप्तान तिच्याहून चार वर्षांनी मोठी होती. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिची रीत काही गुपित नव्हती. बोटाच्या टोकावर मावेल एवढंच तेल घ्यायचं, फडक्याने पातळ चोळायचं, सावलीत मुरू द्यायचं. मग लाकडी दांड्याने तळव्याचा खळगा ठोकायचा, त्यात चेंडू ठेवून दोरीने बांधायचं. सगळ्यात शेवटी ग्लोव्ह हातात घालून भिंतीवर चेंडू मारायचा आणि झेलायचा, पाचशे वेळा, हजार वेळा. पण ज्या हातात चामडं मऊ होतं त्याच हाताचा आकार घेतं. म्हणून ती आपल्या बोटांवर चिंध्या गुंडाळून दुसरीच्या हाताचं माप धरायची. कुणाची करंगळी वाकडी, कुणाचा अंगठा आखूड, सगळं तिला तोंडपाठ.

नवरा म्हणायचा, "माझ्या बुटाचं माप सांग बघू."

तिला सांगता यायचं नाही. मग दोघं हसायची.

मैदानात नऊ जणी उतरत. ही दहावी, कधी अकरावी. बारा वर्षांत तिच्या वाट्याला सात सामने आले, त्यातले दोन पावसाने अर्ध्यावर मोडले. तरी तिची तक्रार नव्हती, कारण साहेबांनी शब्द दिला होता. साहेब म्हणजे औषधभांडाराचे प्रमुख. संघाला शिकवायचेही तेच. दुसऱ्या बेसवरची थोराड नर्स निवृत्त झाली, की ती जागा हिची.

नर्स निवृत्त झाली. पुढच्या सरावाला साहेब आले ते भाचीला घेऊन. पोरगी क्ष-किरण विभागात नुकतीच लागलेली, पायाने चपळ, स्वभावानेही वाईट नाही. हातात कोरा करकरीत ग्लोव्ह.

"मावशी, हिचा तेवढा मऊ करून दे. दुसऱ्या बेसवर उभी करतोय हिला."

"साहेब, तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो गं. पण तू मैदानात गेलीस तर ग्लोव्ह कोण बघणार?"

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

घरी आल्यावर तिने तो ग्लोव्ह ओट्यावर ठेवला आणि तेलाची बाटली उघडली. सगळी ओतली, तर चामडं ओल्या पोत्यासारखं जड होऊन लोंबलं असतं. नाहीतर धुलाईखान्यात वाफेच्या नळावर तासभर ठेवला असता, तर महिन्याभरात तडकला असता. कुणाला पत्ता लागला नसता. तिने बाटली तिरकी केली. तेल तोंडाशी आलं. मग तिने फडक्यावर एक थेंब घेतला आणि चोळायला बसली. चांगुलपणा वगैरे काही नव्हता त्यात. हात वाकडं काम करायला धजेना, एवढंच. त्याचाच तिला जास्त संताप आला.

पहिल्याच सामन्यात भाचीने जमिनीलगत आलेला चेंडू उचलला, दुसऱ्या बेसला पाय लावला, आणि पापणी लवते न लवते तोच पहिल्या बेसकडे फेकला. समोरच्या दोघी एकदम बाद. टाळ्यांचा कडकडाट झाला. "रक्तातच आहे आमच्या!" साहेब ओरडले. कप्तानाने भाचीची पाठ थोपटली. बाकाकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी तिने ट्रंकेतून स्वतःचा ग्लोव्ह काढला. दोन वर्षांत त्याला तेलाचं बोट लागलं नव्हतं. दुसऱ्यांचे कायम रांगेत असायचे. बोटं घातली तर तळव्याशी करकर आवाज होऊन भेग पडली. भेगाळलेलं चामडं कितीही तेल पितं, पण सांधत नाही.

नवऱ्याने पाहिलं. या खेपेला थट्टा केली नाही. "दुसरा आण," म्हणाला.

"चाळिशीला टेकले मी. माझ्यासाठी कधी मारू हजार चेंडू?"

मंगळवारी ती भांडारात गेली आणि संघातून नाव काढायला सांगितलं. साहेब गडबडले. "अगं, रागावलीस होय? बरं, निदान कसं करायचं ते लिहून तरी दे."

"बारा वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर करत होते, साहेब. बघायचं होतंत."

संघाचं तिच्यावाचून काही अडलं नाही. आता ते दुकानातूनच यंत्राने मऊ केलेले ग्लोव्ह आणतात. ते एक हंगाम टिकतात, मग नवे येतात. कप्तान व्हरांड्यात भेटते, "काय मावशी, दिसत नाहीस हल्ली?" म्हणते आणि उत्तराला न थांबता पुढे जाते.

एकदा उपाहारगृहाच्या रांगेत भाची मागे उभी होती. तिने मोठ्या आपुलकीने विचारलं, "मावशी, तुम्ही स्वतः कधी खेळलात का हो?"

"नाही गं," ती म्हणाली, आणि ताट उचलून चालू लागली.