सिस्टरमावशींचा अबोला

सिस्टरमावशींना हळू बोलता येत नसे. पस्तीस वर्षं वॉर्डाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाका मारून त्यांचा आवाज तसाच ठरून गेला होता. रिक्षावाला असो, भाजीवाली असो, पाळण्यातलं तान्हं असो, त्या सगळ्यांशी एकाच पट्टीत बोलायच्या. देवाशीसुद्धा. आमच्या सोलापूरच्या चर्चमध्ये प्रार्थनेला उभं राहिलं की भल्याभल्यांचा आवाज मऊ व्हायचा, शब्द जड व्हायचे. मावशी मात्र राऊंडवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांना रिपोर्ट द्यावा तशा सांगायच्या, "प्रभू, गायकवाडांच्या सुनेचे दिवस भरलेत, तिकडं लक्ष ठेव. कोपऱ्यावरच्या आजीला तीन दिवस जेवण जात नाही, ते बघ. आमेन." दोन मिनिटांत काम संपवून खाली बसायच्या.

सिस्टर म्हणजे मठातल्या नव्हेत, दवाखान्यातल्या. लग्न केलं नव्हतं. आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत धाकट्या भावाबरोबर राहायच्या. त्याचं नाव आनंद. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, त्यामुळं भाऊ म्हणण्यापेक्षा मुलगाच. टॉवेलच्या कारखान्यात होता. अबोल, हसरा, ख्रिसमसला चर्चवर कागदी तारा चढवायला सगळ्यांत आधी शिडीवर चढणारा. चाळिशी ओलांडल्यावर त्याला काहीतरी होऊ लागलं. कामावर जाईना, आंघोळ करीना, भिंतीकडं तोंड करून पडून राही. मावशींनी डॉक्टर केले, गोळ्या केल्या, प्रार्थना केल्या. रिपोर्ट रोजच्या रोज वर जात होता. "प्रभू, आज आनंदनं अर्धी भाकरी खाल्ली," असं एका रविवारी त्यांनी भर चर्चमध्ये सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात आनंदनं स्वतःच्या हातानं आपला जीव संपवला.

आमच्या चर्चच्या पंचांचे तेव्हा चिटणीस होते माझे पप्पा. निवृत्त हेडमास्तर, सचोटीचा माणूस, खडूच्या रेघेसारखा सरळ. मंडळीचा एक जुना नियम होता. असं मरण आलेल्याला पाळकांची प्रार्थना मिळत नसे, कबरस्तानातल्या रांगेत जागाही नसे. भिंतीलगतच्या कोपऱ्यात, मुकाट्यानं. मी तेव्हा बी.एड. करत होते, त्या दुपारी घरातच होते. मावशी स्वतः आल्या. बाहेरच्या खोलीत उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "सर, आनंदला कुठं ठेवायचं? आईजवळ जागा आहे."

पप्पा म्हणाले, "नाही, सिस्टर. नियम मी केलेला नाही."

"नियम कुणी केला ते विचारायला आले नाही मी. तो आजारी होता. टायफॉइडनं गेला असता तर तुम्ही नाही म्हणाला असतात का?"

"नाही," पप्पा म्हणाले, "पण हे टायफॉइड नाही."

मावशी आल्या तशा गेल्या. आनंदला भिंतीलगत ठेवलं. चार माणसं होती. मूठभर माती टाकताना मावशींनीच प्रार्थना करायला तोंड उघडलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं, आवाज आला नाही, असं कबर खणणाऱ्यानं नंतर सांगितलं.

पुढच्या रविवारी त्या चर्चमध्ये आल्या, नेहमीच्या जागी बसल्या. आम्हाला हायसं वाटलं. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची वेळ आली तेव्हा पाळकांनी सवयीनं म्हटलं, "सिस्टर, तुम्ही करा." मावशी उभ्या राहिल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. आणि तो दणदणीत आवाज आला, "आजपासून माझा याच्याशी अबोला."

मी डोळे उघडले. त्या समोरच्या क्रुसाकडं बोट करून उभ्या होत्या. पेटीवाल्याचा हात पट्ट्यांवर पडला आणि एक बेसूर आवाज निघाला. मावशींनी पदर खोचला, मधल्या वाटेनं चालत बाहेर गेल्या आणि चपला घालून निघाल्या. त्या चपलांचा फटफट आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. आमच्या लहानशा मंडळीत भांडणं खूप झाली होती, पण ती माणसांची माणसांशी. हे असं कुणी केलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर पप्पा जेवले नाहीत. पण नियमाबद्दल बोललेही नाहीत.

अबोला चौदा वर्षं चालला. समजूत घालायला पाळक गेले की मावशी त्यांना चहा द्यायच्या, ब्लडप्रेशर मोजायच्या, "मीठ कमी करा" म्हणायच्या आणि दार उघडून उभ्या राहायच्या. त्या काळात तीन पाळक बदलले. तिघांचंही ब्लडप्रेशर त्यांना पाठ होतं. ख्रिसमसला मी करंज्या घेऊन गेले तर म्हणाल्या, "सणाच्या म्हणून देत असशील तर घेणार नाही. तुझ्या हातच्या म्हणून दे." मी धीर करून विचारलं, "मावशी, देव नाहीच असं वाटतं का तुम्हाला?"

"नसता तर अबोला कुणाशी धरला असता?" त्या म्हणाल्या.

हे उत्तर मला इतकं आवडलं की मी ते चार ठिकाणी सांगितलं. बाईचा विश्वास आतून शाबूत आहे, असा त्याचा अर्थ मी लावला होता. पुढं पाच-सहा वर्षांनी पुन्हा विषय निघाला तेव्हा त्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पहिल्यांदा रोज राग यायचा. मग रविवारी घंटा वाजली की यायचा. आता घंटा झालेली कळत पण नाही बघ." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. रागावलेलं माणूस परत येईल अशी आशा असते. मावशी विसरल्या होत्या.

पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली. राहिला तो एकच शब्द, नाही. पाणी हवं असलं तरी नाही, कूस बदलायची असली तरी नाही, मला जवळ बोलवायचं असलं तरी नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादाच शब्द उरतो, त्याचा अर्थ लावू नका. मी शाळा सांभाळून करत होते. ठेवलेली माणसं टिकत नव्हती. दोन महिन्यांत पाठीवर जखमा झाल्या.

एका सकाळी दार वाजलं. मावशी. बहात्तर वर्षांच्या, हातात कापडी पिशवी. मी बघतच राहिले. माझ्याकडं न बघता त्या आत आल्या. "बाजूला हो. पाठ बघू दे यांची." पप्पांना एका हातानं कुशीवर वळवलं, सदरा वर केला आणि जखमेकडं पाहत काही क्षण नुसत्या उभ्या राहिल्या. मग कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. रोज येऊ लागल्या. मी सगळ्यांना सांगत सुटले की याला म्हणतात ख्रिस्ती मन. चर्चमध्ये एका बाईंनी उभं राहून, देवानं केलेलं काम म्हणून, त्यावर साक्षसुद्धा दिली. मावशींच्या हाताखाली जखमा भरत आल्या. चौथ्या महिन्यात एका सकाळी पप्पांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांतून धार लागली होती. "नाही. नाही, नाही, नाही." काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मावशींनाही कळलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी मागं गेले. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. मी म्हणाले, "मावशी, तुमच्यासारखं मन मी पाहिलं नाही."

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "रोज ऐकालेय तुझं. आज तू ऐक. मी तुझ्या वडिलांची सेवा करायला नव्हते आले. त्यांना असं पडलेलं बघायला आले होते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पहिल्या दिवशी पाठ उघडली. केवढी ती जखम. आणि मला बरं वाटलं. कळलं का? बरं वाटलं मला. पस्तीस वर्षांत चोराचिलटांच्या जखमा धुतल्या, कधी असं झालं नव्हतं. हात काम करालेत आणि आत मी खूश. घरी गेले, साबण लावून हात धुतले, तीनदा धुतले. आणि तोंडातून निघालं, 'प्रभू, बघ रे माझं काय झालंय.' चौदा वर्षांनी. ठरवून नाही, काही नाही. माझाच आवाज ऐकून मी दचकले."

"मग?"

"मग काय. बोलून बसले होते. अबोला मोडला. दुसऱ्या दिवशी आले ती खरी आले."

मी त्या दिवशी त्यांना चहा विचारला नाही. चार महिने ज्या हातांचे मी मनोमन मुके घेतले होते, ते हात पहिल्या दिवशी पप्पांची जखम धूत असताना मावशी आतून खूश होत्या, हे गिळता येईना. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही. त्या मात्र वेळेवर आल्या. तिसऱ्या दिवशी मला दारातूनच ऐकू आलं. पट्टी बदलता बदलता त्या पप्पांना सांगत होत्या, "सर, मी सगळं माफ केलं असं आज म्हणणार नाही. खोटं होईल. हे पण ड्रेसिंगसारखं आहे, रोज करावं लागतंय. आजचं झालं. उद्या परत." आणि पप्पा त्यांच्याकडं बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या मुलासारखे.

पप्पांना चाकाच्या खुर्चीत बसता येऊ लागलं, त्यानंतरच्या रविवारी मावशी म्हणाल्या, "चला." खुर्ची त्यांनीच ढकलली. त्या फाटकातून आत आल्या तेव्हा गाणं चालू होतं. एकेक आवाज गळत गेला आणि शेवटी पेटी एकटीच वाजत राहिली. सगळ्यांत मागच्या बाकावर त्या बसल्या. प्रार्थनेच्या वेळी कुणी न सांगताच उभ्या राहिल्या.

"प्रभू, सिस्टर बोलतेय. चौदा वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. तू बोलत होतास का, मला ठाऊक नाही, मी ऐकत नव्हते. मी सरांचं वाईट चिंतलं. त्यांची जखम बघून मला आनंद झाला. हे पाप माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. क्षमा कर. आनंदबद्दल मी तुला अजून विचारणार आहे, ते सोडलेलं नाही. आमेन."

आणि पाठोपाठ पप्पांचा आवाज आला, मोठ्यानं, शाळेत हजेरी घ्यायचे तसा. "नाही!" डावा हात त्यांनी स्वतःच्या छातीवर आपटला. "नाही!" पुन्हा आपटला. डॉक्टरांनी अर्थ लावू नका म्हटलं होतं. पण पंचांतले दोन म्हातारे तोंड झाकून रडले. त्याच आठवड्यात नवे पाळक प्रार्थनेचं पुस्तक घेऊन भिंतीलगतच्या कोपऱ्यात गेले आणि आनंदसाठी राहिलेली प्रार्थना झाली. पप्पा खुर्चीत होते. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांना शेवटची आंघोळ मावशींनीच घातली.

मावशी गेल्या वर्षी गेल्या. झोपेत, काही त्रास न देता. पण त्यांची आठवण आली की मला त्याच्या आदल्या वर्षीची एक सकाळ दिसते. आनंदसारखं मरण ज्या घरात झालं असेल, त्या घरी त्या जायच्या. कुठूनतरी कळायचं, मग मला फोन, "गाडी काढ." त्या दिवशी चिंचोळी एमआयडीसीजवळच्या खोल्यांत गेलो. सांगोल्याकडची धनगराची बाई, कारखान्यात काम करणाऱ्या मुलाबरोबर राहत होती. एकवीस वर्षांचा पोर. तो गेल्याच्या नवव्या दिवशी आम्ही पोचलो. मावशींनी बायबल उघडलं नाही, प्रार्थना केली नाही. तासभर नुसत्या शेजारी बसल्या. शेवटी ती बाईच बोलली.

"तुमी देवाचं मानूस हाय म्हंत्यात. मला सांगा की, माजं लेकरू कुटं गेलं आसंल? लोक म्हंत्यात, आशाला वर जागा न्हाय."

मावशी म्हणाल्या, "मला ठाऊक नाही गं. पण ज्याच्याकडं गेलंय त्याला मी ओळखते. मी चौदा वर्षं त्याच्याकडं पाठ केली, मनात विष घेऊन बसले, आणि एक दिवस हाक मारली, तर आता कशाला आलीस म्हणून त्यानं विचारलं नाही. तुझं लेकरू तर नुसतं दमलं होतं."

त्या बाईनं मावशींच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिला रडू फुटलं. मला तिथं बसवेना. मी बाहेर येऊन गाडीपाशी उभी राहिले. अर्ध्या तासानं मावशी आल्या. त्या मागं बसत होत्या तेव्हा मी, पुढं बघतच, एवढ्या वर्षांत कुणालाही न सांगितलेलं सांगून टाकलं. "मावशी, तुम्ही आनंदमामासाठी पप्पांकडं आलात ना, तेव्हा मी पडद्यामागं होते. सगळं ऐकत होते. ते चुकतायत हे मला कळत होतं. मी बाहेर आले नाही. एक शब्द बोलले नाही."

माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला.

"ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "पडद्याखालून तुझे पाय दिसत होते. चल आता, ऊन लागालंय."