भंगाराचा रिकामा कोपरा

भंगाराचा ढीग कमी झाला, म्हणजे लोखंड वाया जाणे थांबले का? देवपुरातील अभ्यासिकेच्या साइटवर मी हा प्रश्न तपासायला गेलो, तो खरे तर शाबासकीच्या आशेने.

दीड महिन्यापूर्वी इंजिनिअर म्हणून मी तिथे 'लीन' पद्धत सुरू केली होती. रोज थोडी सुधारणा करून नासाडी घटवायची, एवढाच तिचा अर्थ. सळया कापून उरलेले तुकडे एका कोपऱ्यात पडत. दर शनिवारी त्यांचे वजन फळ्यावर लिहायचे, असे मी ठरवले. सहाव्या शनिवारी कोपरा रिकामा होता. अभ्यासिकेचे मालक खूश झाले. मला मात्र एक गोष्ट खटकली. भंगारवाला तर आलाच नव्हता. मग तुकडे गेले कुठे?

पहिल्या मजल्यावर बीमच्या सळया बांधून तयार होत्या. काँक्रीट दुसऱ्या दिवशी यायचे होते. दोन सळया जोडताना त्या जेवढ्या लांबीपर्यंत शेजारी-शेजारी बांधतात, तिला लॅप म्हणतात. ड्रॉइंगमध्ये ती आठशे मिलिमीटर होती. मी टेप लावला. चारशे. पुढचा जोड, साडेतीनशे. एवढ्या आखूड जोडावर भार आला, तर सळया सुटून बीम कोसळू शकतो.

"आबा, हे काय?" मी सळया बांधणाऱ्या आमच्या वयस्क फिटरांना विचारले.

"साहेब, तुम्हीच सांगं ना, कोपरा रिकामा पाहिजे. बठ्ठा तुकडा जोडी टाकात. पुरनात नई, म्हनीसन लॅप आखूड धरा." म्हणजे सगळे तुकडे जोडून टाकले होते आणि ते पुरेनात म्हणून लॅप आखूड धरली होती.

"आणि खालच्या हॉलवरचा बीम?"

तो तीन आठवड्यांपूर्वीच काँक्रीटने भरला होता. आबांनी खाली बोट दाखवले.

"तठे बी तेच शे."

त्या बीमचे टेकू त्याच दिवशी काढायचे होते. मी जिना कसा उतरलो, ते आठवत नाही. साचे-टेकू काढणाऱ्या सेंटरिंगवाल्याने पहिल्या टेकूवर हातोडा उगारला होता.

"थांबा! हात लावू नका!"

"काय साहेब, भूत दखं का?" तो हसला. त्याचे दोन सोबती बीमच्या बरोबर खाली उभे होते.

डिझायनरच्या सांगण्यावरून, टेकू तसेच ठेवून तो बीम जोडांपाशी फोडला आणि पूर्ण लॅप देऊन पुन्हा भरला. वरच्या सळयाही नव्याने बांधल्या.

"फळ्यावर तर शून्य लिहिलं होतं तुम्ही," मालक म्हणाले.

"हो. मी भंगार मोजलं, सळई मोजलीच नाही."

आता कापणीपूर्वी आबा आणि मी यादी करतो: कोणत्या सळईतून कोणती लांबी काढायची. कोपऱ्यात लहानसा ढीग असतो. तो दिसला की मला बरे वाटते.

तुमच्याकडे बांधकाम चालू असेल, तर माझ्या शब्दावर विसंबू नका. काँक्रीट पडण्यापूर्वी टेप घेऊन जा आणि लॅप ड्रॉइंगशी स्वतः ताडून पाहा.